फरक अठ्ठेचाळीस मतांचा: फेरमोजणी मागायची तर कधी, कशी आणि कशाच्या आधारावर

४ जून २०२४. गोरेगावच्या नेस्को मैदानातलं मतमोजणी केंद्र, मतदारसंघ मुंबई वायव्य. मतदान यंत्रांवरची मतं मोजून झाली तेव्हा अमोल कीर्तिकरांच्या नावापुढे ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकरांच्या नावापुढे ४,५१,०९४ मतं होती. नऊ लाखांवर मतं पडली आणि फरक एकाचा. टपाली मतं मात्र वायकरांना १,५५० आणि कीर्तिकरांना १,५०१ मिळाली. ती धरून वायकर ४८ मतांनी निवडून आले. बाद ठरलेल्या १११ टपाली मतांची पुन्हा तपासणी झाली, वाद झाला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. १९ डिसेंबर २०२४ ला न्यायालयानं कीर्तिकरांची याचिका फेटाळली. सुनावणी पुढे न्यायला लागतात तेवढे ठोस तपशील याचिकेत मांडलेले नाहीत, असं कारण दिलं.

यातलं 'ठोस तपशील' हे नीट लक्षात ठेवा. मी बरीच वर्षं मतमोजणी प्रतिनिधी म्हणून जाळीच्या अलीकडे बसतोय. ग्रामपंचायत झाली, पालिका झाली, विधानसभा झाली. फरक कमी झाला की हॉलमध्ये एकच ओरडा होतो, 'फेरमोजणी करा!' आणि ओरडणाऱ्या दहा जणांपैकी एकाच्याही हातात लिहिलेला अर्ज नसतो. कुठल्या केंद्राची मोजणी चुकली, कितीनं चुकली, कुठल्या टेबलावर चुकली, हे कुणालाच सांगता येत नाही. संशय खरा असेलही. पण फेरमोजणी मिळते ती कागदावर, आणि तो कागद मतदानाच्या दिवसापासून गोळा करावा लागतो. पुढचं सगळं विधानसभा आणि लोकसभेच्या नियमांप्रमाणे आहे. स्थानिक निवडणुकांचं शेवटी सांगतो, कारण तिथे मुदत फारच कमी असते.

आधी हे समजून घ्या: मतं चुकतात कुठे

यंत्राचं कंट्रोल युनिट, म्हणजे मतं साठवणारा भाग, दुसऱ्यांदा दाबलं तरी तोच आकडा दाखवतं. त्यामुळे 'सगळी यंत्रं पुन्हा मोजा' या मागणीनं सहसा काहीच हाती लागत नाही. निवडणूक निर्णय अधिकारीही ती लगेच फेटाळतो. हलण्यासारखी मतं चार ठिकाणी असतात.

पहिलं ठिकाण टपाली मतांचं. यात माणसाचा निर्णय असतो, म्हणून वादही इथेच सर्वांत जास्त होतात.

दुसरं ठिकाण आकडा उतरवण्याचं. यंत्र ४१७ दाखवतं, सुपरवायझर ४१७ म्हणतो आणि फेरीच्या तक्त्यात ४७१ पडतात. किंवा दोन उमेदवारांचे आकडे एकमेकांच्या रकान्यात जातात. दुपारचे तीन वाजलेले, सतरावी फेरी, लिहिणारा सकाळी पाचपासून जागा. असं होतं, आणि त्यात कुणाचा वाईट हेतू असेलच असं नाही.

तिसरं ठिकाण बाजूला ठेवलेल्या यंत्रांचं. मतदानाआधीच्या चाचणी मतदानातली मतं पुसायची राहिली, किंवा कंट्रोल युनिटवरची एकूण मतं नमुना १७-सी मधल्या (मतदान संपल्यावर केंद्रावर भरतात तो मतांचा हिशेब) एकूण मतांशी जुळली नाहीत, तर ते यंत्र बाजूला काढतात. विजयाचा फरक त्या केंद्रांवरच्या एकूण मतांएवढा किंवा त्याहून कमी असेल, तर तिथल्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या, म्हणजे मत दिल्यावर छापून पेटीत पडतात त्या, मोजाव्या लागतात. अशी यंत्रं किती आणि कुठली, याची यादी तुमच्याजवळ असलीच पाहिजे.

चौथं ठिकाण प्रदत्त मतांचं, म्हणजे टेंडर मतांचं. मतदार केंद्रावर पोचतो आणि त्याच्या नावावर आधीच कुणीतरी मतदान करून गेलेलं असतं. ओळख पटली की त्याला कागदी मतपत्रिका देतात आणि ती वेगळ्या पाकिटात सील होते. हे पाकीट मतमोजणीच्या दिवशी उघडत नाहीत. त्यातल्या मतांचा विचार होतो तो पुढे निवडणूक याचिकेतच. म्हणून हॉलमध्ये 'टेंडर मतं मोजा' म्हणून भांडण्यात वेळ घालवू नका. पण कुठल्या केंद्रावर किती पडली, ते लिहून ठेवा.

मतदानाच्या दिवशी: १७-सी हातात घेतल्याशिवाय केंद्र सोडायचं नाही

मतदान संपलं की केंद्राध्यक्ष नमुना १७-सी चा पहिला भाग भरतो. यंत्रांचे क्रमांक, नोंदवहीप्रमाणे मतदार किती, यंत्रात मतं किती, सीलचे क्रमांक, सगळं त्यात येतं. हजर असलेल्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीला त्याची साक्षांकित प्रत द्यावी, असं नियम सांगतो. आपली पोरं सकाळी सातपासून बसलेली असतात. सहा वाजता यंत्र बंद झालं की घरी पळतात आणि प्रत तिथेच राहते. असं होऊ देऊ नका. ज्याच्याकडून १७-सी आली नाही, त्याच्या घरी त्याच रात्री कुणाला तरी पाठवा.

रात्री सगळ्या प्रती एका ठिकाणी आणून एक वही करा. केंद्र क्रमांक, कंट्रोल युनिटचा क्रमांक, व्हीव्हीपॅटचा क्रमांक, एकूण मतं, प्रदत्त मतं आणि शेवटी 'शेरा' हा रकाना. यंत्र मध्येच बदललं का, व्हीव्हीपॅट अडकलं का, चिठ्ठीवर भलतंच चिन्ह आलं अशी तक्रार नियम ४९ एमए खाली कुणी दिली का, चाचणी मतदानाच्या वेळी गोंधळ झाला का, हे सगळं शेऱ्यात लिहायचं. पुढे व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजायची मागणी करताना नेमक्या याच गोष्टी विचारात घेतल्या जातात.

माणसं नेमताना

मतमोजणी प्रतिनिधींची नावं नमुना १८ मध्ये, मोजणीच्या तीन दिवस आधी संध्याकाळी पाचपर्यंत द्यायची असतात. सर्वसाधारणपणे हॉलमध्ये १४ टेबलं आणि एक निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचं टेबल असतं. आपल्याकडची पद्धत अशी की जुने जाणते कार्यकर्ते यंत्रांच्या टेबलांवर बसतात आणि टपालाच्या टेबलावर कुणीतरी नवखा पोरगा. हे अगदी उलट करा. सर्वांत चिकट, कागद वाचणारा, न चिडणारा माणूस टपालाच्या टेबलावर बसवा. निवृत्त शिक्षक, तलाठी, बँकेत कॅशियर राहिलेला माणूस असेल तर फारच उत्तम. दुसरा असाच माणूस निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर हवा, कारण बेरजा तिथे होतात.

मोबाईल आत नेता येत नाही. पेन, कोरे कागद आणि १७-सी च्या प्रती नेता येतात. पेन दोन घ्या. छापील तक्ता करून न्या, आयत्या वेळी रेघा मारत बसू नका.

टपाली मतं: इथे डोळे मिटायचे नाहीत

सकाळी आठला टपाली मतांची मोजणी सुरू होते आणि साडेआठपासून यंत्रांची. सप्टेंबर २०२५ मध्ये निवडणूक आयोगानं सांगितलं की टपाली मतांची मोजणी पूर्ण झाल्याशिवाय यंत्रांची शेवटून दुसरी फेरी हाती घ्यायची नाही. उमेदवारांच्या दृष्टीनं हा बदल चांगला आहे. आधी यंत्रांचा निकाल डोळ्यांसमोर असताना टपाली मतांवर निर्णय होत आणि त्यावरून संशय वाढे.

प्रक्रिया अशी चालते. बाहेरचं मोठं पाकीट उघडलं की आत दोन गोष्टी हव्यात. एक, नमुना १३-ए मधली मतदाराची घोषणा. दुसरी, मतपत्रिकेचं छोटं बंद पाकीट. घोषणेवर मतदाराची सही आहे का, ती योग्य अधिकाऱ्यानं साक्षांकित केली आहे का, घोषणेवरचा मतपत्रिकेचा अनुक्रमांक आणि छोट्या पाकिटावरचा अनुक्रमांक एकच आहे का, हे बघतात. यात काही चुकलं तर छोटं पाकीट न उघडताच मत बाद होतं. इथवर सगळं बरोबर असेल तर पाकीट उघडून मतपत्रिका बघतात. खूणच नाही, एकाहून जास्त उमेदवारांपुढे खूण आहे, मतदाराची ओळख पटेल असं काही लिहिलंय, पत्रिका खोटी किंवा फाटलेली आहे, यातलं काही असेल तर ती बाद.

तुमच्या माणसानं बाद झालेल्या प्रत्येक मताची नोंद करायची. किती वाजता, कुठलं कारण, साक्षांकन कुणाचं होतं. आक्षेप असेल तर तिथल्या तिथे कागदावर लिहून द्यायचा आणि पोच मागायची. तोंडी आक्षेपाचा संध्याकाळी मागमूसही उरत नाही.

हे किती महत्त्वाचं आहे त्याची तीन उदाहरणं देतो. तामिळनाडूतल्या राधापुरममध्ये २०१६ ला इन्बदुराई ४९ मतांनी जिंकले, अप्पावू हरले. २०३ टपाली मतं बाद झाली होती. वाद हा की शाळेच्या मुख्याध्यापकांनी केलेलं साक्षांकन चालतं की नाही. मद्रास उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०१९ मध्ये त्या टपाली मतांची आणि शेवटच्या तीन फेऱ्यांची फेरमोजणी करायला सांगितली. मोजणी झालीही, पण निकाल जाहीर करायला सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली. मागणी किती नेमकी होती बघा: टपाली मतं आणि फेऱ्या १९, २०, २१. 'सगळं पुन्हा मोजा' असं नव्हे.

गुजरातच्या धोळका मतदारसंघात २०१७ ला फरक ३२७ मतांचा आणि बाद झालेली टपाली मतं ४२९. मे २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयानं ती निवडणूकच रद्द ठरवली. तीन दिवसांत सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली, ती गोष्ट वेगळी. बंगळुरूच्या जयनगरमध्ये २०२३ ला आधी सौम्या रेड्डी पुढे असल्याचं सांगितलं जात होतं. बाद टपाली मतांची पुन्हा तपासणी झाली आणि रात्री उशिरा राममूर्ती १६ मतांनी निवडून आल्याचं जाहीर झालं.

यातून एक नियम पाठ करून टाका, कारण तो मागावा लागत नाही, पाळावाच लागतो: विजयाचा फरक बाद ठरवलेल्या टपाली मतांपेक्षा कमी असेल, तर निकाल जाहीर करण्याआधी ती सगळी बाद मतं निर्णय अधिकाऱ्यानं पुन्हा तपासायचीच, आणि त्याचं चित्रीकरण व्हायला हवं. घाईगर्दीत हे राहून जात असेल तर उठून शांतपणे आठवण करून द्या. त्यासाठी बाद मतांचा नेमका आकडा तुमच्याकडे आधीच हवा.

यंत्राच्या टेबलावर

कंट्रोल युनिट टेबलावर आलं की सगळ्यात आधी त्याचा क्रमांक आपल्या वहीतल्या क्रमांकाशी ताडून बघा, मग सील. मग एकूण मतं. ती १७-सी शी जुळतात का? जुळली तरच पुढे जायचं. मग निकालाचं बटण दाबलं जातं, बारीक बीप वाजतो आणि पडद्यावर एकेका उमेदवाराचा क्रमांक आणि त्याची मतं सरकत जातात. सुपरवायझर यंत्र उचलून जाळीकडे वळवून दाखवतो. पडद्यावर उजेड पडला की आकडा दिसत नाही, ८ चा ६ वाटतो. दिसलं नाही तर 'परत दाखवा' म्हणायचं. संकोच करायचा नाही, तो तुमचा हक्क आहे. पडद्यावरचं स्वतः बघून लिहा. शेजारच्यानं काय लिहिलं ते बघून लिहू नका.

आमच्याकडच्या एका मोजणीत चौथ्या फेरीला नऊ नंबरच्या टेबलावर आमच्या मुलानं २८६ लिहिले होते. फेरीचा तक्ता आला त्यात २६८. मुलगा घाबरला, म्हणाला, माझंच चुकलं असेल. मी त्याला त्याच्या कागदाची बेरीज करायला लावली. सगळ्या उमेदवारांची आणि नोटाची मतं मिळवून केंद्राच्या एकूण मतांएवढी होतात का? झाली. म्हणजे त्याचं बरोबर होतं. कागद घेऊन टेबलाशी गेलो, यंत्र अजून तिथेच होतं. पुन्हा बटण दाबलं, २८६ दिसले, तक्ता दुरुस्त झाला. वाद नाही, अर्ज नाही, पाच मिनिटांत काम झालं. तेच रात्री नऊ वाजता लक्षात आलं असतं तर अठरा मतांसाठी केवढा गदारोळ झाला असता.

म्हणून दर फेरीला हेच करायचं. टेबलावरचा प्रतिनिधी चिठ्ठी निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावरच्या आपल्या माणसाकडे पाठवेल. तो १४ टेबलांची बेरीज करेल आणि जाहीर झालेल्या फेरीच्या आकड्याशी ताडून बघेल. फरक दिसला की पुढची फेरी पक्की होण्याआधी दाखवायचा. निवडणूक आयोगाचे निरीक्षकही दर फेरीत दोन यंत्रं अशीच वेगळी तपासून घेतात. तपासणी ही व्यवस्थेचाच भाग आहे, व्यवस्थेवर अविश्वास दाखवणं नव्हे.

१७-सी च्या दुसऱ्या भागावर सही मागतात. आकडे बरोबर असतील तर करा. नसतील तर न भांडता, काय चुकलं ते लिहून द्या.

शेवटी प्रत्येक विधानसभा क्षेत्रातली पाच केंद्रं चिठ्ठ्या टाकून निवडतात आणि त्यांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजतात. एप्रिल २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं एकाची पाच झाली. यंत्र आणि चिठ्ठ्या यांत फरक पडला तर चिठ्ठ्यांचा आकडा धरतात. तोवर निम्मी माणसं जेवायला गेलेली असतात. तुम्ही जाऊ नका.

खरी वेळ: बेरीज जाहीर झाल्यापासून सही होईपर्यंत

१९६१ च्या निवडणूक संचालन नियमांतला नियम ६३ काय सांगतो? मोजणी संपली की निर्णय अधिकारी नमुना २० या निकालपत्रात प्रत्येकाची एकूण मतं लिहून जाहीर करतो. त्यानंतर उमेदवार, तो नसेल तर निवडणूक प्रतिनिधी, तोही नसेल तर मतमोजणी प्रतिनिधी, पूर्ण किंवा काही भागाच्या फेरमोजणीसाठी कारणांसह लेखी अर्ज करू शकतो. अधिकारी तो मान्य करेल, अंशतः मान्य करेल किंवा फेटाळेल, पण निर्णय लेखी आणि कारणांसह द्यावा लागतो. एकदा त्यानं निकालपत्र पुरं करून सही केली की मग फेरमोजणीचा अर्ज घेता येत नाही. आणि सही करण्याआधी हजर उमेदवारांना अर्ज करायला पुरेशी संधी द्यायची, हेही त्याच नियमात लिहिलंय.

ही संधी म्हणजे प्रत्यक्षात काही मिनिटं. बाहेर गुलाल उधळायला सुरुवात झालेली असते, अधिकारी दमलेला असतो, पोलिसांना हॉल रिकामा करायचा असतो. उमेदवाराला फोन करून काय करू विचारायचं तर फोन आत नाही. म्हणून अर्जाचा साचा आदल्या दिवशी लिहून दोन प्रती खिशात ठेवा. मी ठेवतो तो असा:

*प्रति, निवडणूक निर्णय अधिकारी, ......... मतदारसंघ.*
*विषय: निवडणूक संचालन नियम, १९६१, नियम ६३ अन्वये फेरमोजणीचा अर्ज.*
*आज ..... वाजून ..... मिनिटांनी आपण एकूण मतं जाहीर केली. पहिल्या दोन उमेदवारांतला फरक ..... मतांचा आहे. खालील भागांची फेरमोजणी व्हावी.*
*केंद्र क्र. ....., फेरी ....., टेबल ....., कंट्रोल युनिट क्र. .....: यंत्रावर दिसलेली मतं ....., तक्त्यात लिहिलेली मतं ...... आमच्या प्रतिनिधीच्या नोंदीची प्रत सोबत आहे.*
*टपाली मतं: ..... मतं बाद झाली. त्यांपैकी ..... मतं ......... या कारणानं बाद झाली, ते कारण आम्हांला मान्य नाही. आमचा लेखी आक्षेप ..... वाजता दिला आहे.*
*बाजूला ठेवलेली यंत्रं: केंद्र क्र. ......*
*अर्जावरचा निर्णय कारणांसह लेखी मिळावा आणि तोपर्यंत निकालपत्र पूर्ण करू नये, ही विनंती.*
*सही, नाव, वेळ.*

रिकाम्या जागा भरायला तीन मिनिटं लागतात, आणि त्या तीन मिनिटांत भरता याव्यात म्हणूनच सकाळपासूनच्या नोंदी असतात. एक प्रत द्या, दुसरीवर पोच आणि वेळ घ्या. लिहायला थोडा वेळ हवा असेल तर हात वर करून सगळ्यांसमोर मागा. त्याच वेळी निरीक्षकांकडेही एक प्रत पोचवा, कारण निकाल जाहीर करण्याआधी अधिकारी त्यांची संमती घेतो.

व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजून हव्या असतील तर त्याचा अर्ज वेगळा, नियम ५६-डी खाली. तिथे केंद्र क्रमांक द्यायचेच. त्या केंद्रावरची मतं फरकापेक्षा जास्त आहेत का, यंत्र बदललं होतं का, चिठ्ठी न छापल्याची किंवा चुकीची छापल्याची तक्रार होती का, हे बघून निर्णय होतो. मघाशी सांगितलेला शेऱ्याचा रकाना इथे उपयोगी पडतो.

अर्ज फेटाळला तर? आदेशाची प्रत घ्या. रागानं उठून जाऊ नका, खुर्च्या फेकू नका. एका ठिकाणी मी पाहिलंय, हरणाऱ्या बाजूचे सगळे घोषणा देत बाहेर पडले आणि नेमका त्याच वेळी सहीचा कागद पुढे सरकला. अर्ज करायला आत कुणीच उरलं नव्हतं. फरक दोन आकडी होता. अजूनही ते डोक्यातून जात नाही.

मतं सारखीच पडली तर

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६५ प्रमाणे चिठ्ठी टाकायची आणि ज्याचं नाव निघेल त्याला एक मत जास्त मिळालं असं धरायचं. आपण तिला ईश्वरचिठ्ठी म्हणतो. स्थानिक निवडणुकांतही हीच रीत आहे. मुंबई महापालिकेत २०१७ ला प्रभाग २२० मध्ये अतुल शहा आणि सुरेंद्र बागलकर दोघांनाही ५,९४६ मतं पडली आणि चिठ्ठीनं शहा नगरसेवक झाले. एका मताचं मोल कळायला कर्नाटकातलं संथेमरहळ्ळी पुरेसं आहे: २००४ ला ४०,७५२ विरुद्ध ४०,७५१. चिठ्ठी टाकण्याची वेळ आली तर त्याआधी मोजणीबद्दलचे सगळे आक्षेप लेखी देऊन ठेवा.

निकालानंतरचे ४५ दिवस

निकाल जाहीर झाला की निर्णय अधिकाऱ्याच्या हातात काही राहत नाही, जिल्हाधिकाऱ्यांच्या नाही, आयोगाच्याही नाही. पुढचा रस्ता एकच, उच्च न्यायालयात निवडणूक याचिका. मुदत ४५ दिवस. एक दिवसाचाही उशीर माफ होत नाही. २३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचा निकाल लागला, म्हणजे मुदत ७ जानेवारी २०२५ ला संपली. साकोलीत २०८, मालेगाव मध्यमध्ये १६२ असे फरक होते त्या वेळी.

या काळात तीन घड्याळं एकदम चालू असतात. पहिलं सात दिवसांचं. २६ एप्रिल २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच टक्के यंत्रांच्या मायक्रोकंट्रोलरची, म्हणजे आतल्या चिपची, तपासणी मागता येते. अर्ज सात दिवसांत, खर्च आपला, छेडछाड सापडली तर पैसे परत. ही फेरमोजणी नव्हे. यंत्राशी कुणी काही केलंय का, एवढंच तिथे बघतात. लोक दोन्हींत गल्लत करतात आणि मग 'पैसे भरले तरी मतं मोजली नाहीत' म्हणून चिडतात.

दुसरं घड्याळ चित्रीकरणाचं. मे २०२५ पासून आयोगाची सूचना आहे की ४५ दिवसांत याचिका आली नाही तर मतदान आणि मोजणीचं चित्रीकरण नष्ट करता येईल. सीसीटीव्हीचं चित्रण मागून बघण्यावरही डिसेंबर २०२४ च्या नियमबदलानं बंधन आलं आहे. यंत्रंही ४५ दिवस सीलबंद राहतात. म्हणून याचिका शेवटच्या दिवशी नको. चित्रीकरण जपून ठेवावं, असं पत्र निकालाच्या दुसऱ्याच दिवशी जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांना द्या.

तिसरं घड्याळ याचिकेचंच. जितके प्रतिवादी तितक्या प्रती, प्रत्येक प्रतीवर याचिकाकर्त्याची स्वतःची खरी प्रत म्हणून सही, दोन हजार रुपये अनामत. स्वतःला निवडून आल्याचं घोषित करून हवं असेल तर लढलेल्या सगळ्या उमेदवारांना पक्षकार करायचं. यातलं काही राहिलं तर कलम ८६ खाली याचिका दारातच बाद होऊ शकते.

आणि मजकूर. १९६४ च्या राम सेवक यादव खटल्यापासून सर्वोच्च न्यायालय सांगत आलंय की मतदानाची गुप्तता मोलाची आहे, नुसत्या संशयावर मतपेट्या उघडता येणार नाहीत. फरक कमी आहे, एवढ्यावर फेरमोजणी मिळत नाही. कुठे, किती, कशी चूक झाली आणि ती दुरुस्त झाली तर निकाल कसा बदलतो, हे याचिकेतच लिहावं लागतं. पुरावा शोधायला फेरमोजणी द्या, असं म्हणता येत नाही. नियम ६३ चा अर्ज, त्यावरचा आदेश, टेबलावरच्या नोंदी, १७-सी, हे तेव्हा कामाला येतं. मोजणीच्या दिवशी एक ओळही लिहून दिली नसेल, तर 'तेव्हा का बोलला नाहीत' हा पहिला प्रश्न येतो, आणि त्याला उत्तर देणं फार अवघड जातं.

जिंकलेल्यांनीही एक लक्षात ठेवावं. हरलेल्यानं 'मलाच विजयी घोषित करा' अशी मागणी केली, तर तुमच्याही काही मतांवर अन्याय झालाय हे सांगायला कलम ९७ ची नोटीस सुनावणी सुरू झाल्यापासून १४ दिवसांत द्यावी लागते. ती दिली नाही, तर फेरमोजणीत तुमच्या बाजूची चुकून बाद झालेली मतं दिसूनही तुम्हांला धरता येत नाहीत.

डिसेंबर २०२४ मध्ये माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीच्या लोकांनी कागदी मतपत्रिकांवर आपलं आपण पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं होतं. जमावबंदी लागली आणि ते थांबवावं लागलं. आपलं मत नीट मोजलं गेलं का, हे विचारायचा गावाला पूर्ण अधिकार आहे आणि त्यांची कळकळ मला समजते. पण असं मतदान झालं असतं तरी न्यायालयात ते फेरमोजणी म्हणून उभं राहिलं नसतं.

ग्रामपंचायत, पालिका, जिल्हा परिषद

इथे राज्य निवडणूक आयोग असतो, नियम वेगळे, आणि आपल्याकडच्या यंत्रांना व्हीव्हीपॅट नसतं. म्हणजे चिठ्ठ्यांचा आधार नाही, सगळी भिस्त टेबलावरच्या नोंदींवर. फेरमोजणीची मागणी इथेही निकाल जाहीर होण्याआधी, लेखी, केंद्र क्रमांकासह करायची. त्यानंतर ग्रामपंचायतीसाठी निकालापासून १५ दिवसांत तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात अर्ज. महापालिका आणि नगरपरिषदेसाठी फक्त १० दिवस. हे दिवस नेमके कुठल्या तारखेपासून मोजायचे, ते वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा.

गावची निवडणूक म्हणून हलक्यात घेऊ नका. हरियाणात पानिपत जिल्ह्यातल्या बुआना लाखू गावात नोव्हेंबर २०२२ ला सरपंचपदाची निवडणूक झाली आणि कुलदीप सिंह विजयी जाहीर झाले. मोहित कुमार लढत राहिले. वाद होता केंद्र क्रमांक ६९ च्या मोजणीचा. न्यायाधिकरणानं त्या केंद्राची फेरमोजणी सांगितली, उच्च न्यायालयानं ती रद्द केली. शेवटी सर्वोच्च न्यायालयानं यंत्रं दिल्लीला मागवली. ६ ऑगस्ट २०२५ ला न्यायालयाच्या आवारात, दोन्ही बाजूंसमोर, चित्रीकरण करत ६५ ते ७० या सगळ्या केंद्रांची मतं मोजली. ३,७६७ मतं. मोहित कुमार १,०५१, कुलदीप सिंह १,०००. पावणेतीन वर्षांनी सरपंच बदलला.

ती यंत्रं तोवर सीलबंद राहिली, कारण अर्ज मुदतीत गेला होता आणि त्यात केंद्राचा क्रमांक लिहिलेला होता.